दहा नंबरची तार

रात्री नऊला यादगिरी मामांचा फोन.
"बाई, परत गोठला."
मे महिन्यात, सोलापुरात,
पत्र्याखालच्या त्रेचाळीस अंशांत
गोठतं ते एवढंच.

कन्ना चौकाच्या मागं, बोळात, एक खोली.
चादरीचं डिझाईन आधी इथं भोकांत उतरतं,
पुठ्ठ्यामागून पुठ्ठा, सहाशे पुठ्ठे,
मग जकार्डवर चढतं.
भोक असेल तिथं धागा उठतो.
नसेल तिथं नाही.

"कितव्यावर थांबला?"
"दोनशे चौदा. मोर मानेपर्यंत आलाय."

पडद्यावर बाण उभा.
मी नम लॉक दाबते. दिवा लागत नाही.
म्हणजे गेला. बटण दाबून धरायचं,
सात मोजायचे, पुन्हा पहिल्यापासून मोर.

काय केलं नाही?
रॅम काढून तिच्या सोनेरी कडा
पोरीच्या खोडरबरनं घासल्या.
सप्लाय बदलला.
पंख्यातून मूठभर तंतू काढले,
निळे जास्त,
त्या आठवड्यात शेजारी निळे टॉवेल चालू होते.
माझ्या दुकानात नेला, तीन दिवस चालवला.
गुणी बाळ.
परत आणून जोडला, बाराव्या पुठ्ठ्यावर हट्ट.

मामांचा भाचा म्हणतो, नवीन घ्या की.
नव्याला मागं ती रुंद, पंचवीस भोकांची खाच नसते
आणि या पंचिंग मशीनला दुसरी भाषा येत नाही.
बनवणारी कंपनी कोइमतूरची.
फोन लावला तर कुणी बाई तमिळमध्ये
मला लाडवांचा भाव सांगायला लागली.

मामांना यातलं काही ऐकू गेलं नाही.
चौतीस वर्षं माग चालवला, कान तिथंच राहिले.
नरसम्मा जेवायला बोलवायची ती हाक मारून नाही,
दारात ताट घेऊन उभी राहायची,
ते वर बघेपर्यंत.

बुधवारी भर दुपारी वीज गेली.
भिंतीपलीकडचे माग गप्प.
इन्व्हर्टरवर हा एकटा चालू, टक टक टक,
दोनशे चौदा गेलं, तीनशे गेलं,
मी श्वास मोजत बसले,
सहाशे.
अख्खा मोर, तुऱ्यासकट.

"लका, लाईट नसली की चालतंय," भाचा हसला.
मला हसू आलं नाही.
वीज आली, माग लागले,
टेबलावरच्या चहात बारीक वर्तुळं उठली
आणि बाण उभा.

चहाकडं बघत राहिले.
मग टेबलाखाली सरकले, मागची जाड केबल
खाचेपाशी बोटानं दाबून धरली.
"करा चालू."
चालला.
बोट काढलं. थांबला.

घरी आणून तिचं टोपण उघडलं.
दहा नंबरची तार तुटून नुसती टेकलेली.
या तारेवरून मशीन दर पुठ्ठ्याला सांगतं,
पोचलं, पुढचं पाठव.
माग हलले की टेबल हलायचं,
टेबल हललं की ते 'पोचलं' वाटेत पडायचं,
आणि हा बिचारा विचारून बसलेला.
जुना प्रोग्रॅम. किती वेळ वाट बघायची
हे त्यात कुणी लिहिलंच नाही.
आम्ही त्याला मेला समजून
सात मोजून मारत होतो. किती वेळा, कोण जाणे.

डाग द्यायला दीड मिनिट लागलं.

सकाळी जोडून दिला. माग चालू, मोर चालू.
मामांनी पाकीट काढलं. "किती?"
"साडेतीनशे."
ते माझ्या ओठांकडं बघत राहिले.
"साडेतीनशे, मामा."
चष्मा काढला, बंडीला पुसला, परत घातला.
मी उभी.
आतून नरसम्मा आली,
त्यांच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली,
ठेवूनच राहिली,
आणि माझ्याकडं बघून म्हणाली,
आता बोल.